केस

नेत्रावळीच्या पाटात
मोलू वेळीपला वळवळता काळा केस दिसला.
"देवचाराच्या घोड्याचो," म्हणाला,
आणि कुळागराला पाणी सोडायला गेला.

मी बरणीत घेतला. वहीत लिहिलं:
गांडूळ नव्हे.
जंतही नव्हे, फार तर जंताचा चुलतभाऊ.
संघ वेगळा.
तोंड आहे नावापुरतं;
जे खायचं ते रातकिड्याच्या पोटात
खाऊन झालंय.

रात्री विजेरी विझवून बसलो.
चांदण्यात एक रातकिडा
माडाच्या मुळावरून खाली आला,
पाण्याशी थबकला, मिशा हलवल्या.
पोहता येत नाही त्याला.
तरी उडी.

कुणी मारली ती?
त्याने, की त्याच्या आतल्या
वीतभर तहानेने?
वहीत तसा रकाना नव्हता.

सकाळी मोलू दात घासत आला.
"घोडो मेळ्ळो?"