पाव वळसा डावीकडे

हसुराम पाटील डेक घेऊन आला तेव्हा
आतल्या पट्ट्याचं डांबर झालं होतं.
हे रबर सुकत नाही, विरघळतं.
बोटांना लागलं की दोन दिवस
कणकेलाही त्याचा वास.

'तळवलीची शेतं गेली, तवाच्या पैशाचा यो डेक,
बाकीचं पैसं कवाच सरलं, मावशे.'

ऐरोलीतल्या माझ्या गॅलरीत मी झाकण उघडलं.
झुरळाचा एक पंख, शिलाईची मोडकी सुई,
आणि हेडवर तपकिरी राप,
चहाच्या गाळणीला धरतो तसा.

महाप्याच्या कारखान्यात अकरा वर्षं
मी एकच स्क्रू फिरवलाय.
बावीस स्टुलांवर बावीस जणी,
कानांत एकच शिट्टी, सेकंदाला दहा हजार कंपनं,
समोर काचेवर हिरवी रेघ.
फुगून लंबगोल झाली की हेड कललेलं,
मिटून सरळ झाली की पुढचा डेक.
सरोजिनी म्हणायची, घरी गेल्यावर
नवऱ्याचं बोलणंसुद्धा कललेलं ऐकू येतं गं.
तिथं आता रात्रभर दिवे असतात,
पोरं परदेशाशी बोलतात.

शिट्टीची टेप मी आणली होती, सांगून.
चकलीच्या डब्यात ठेवते, चुंबकापासून लांब.
शिट्टी मला आताशा ऐकू येत नाही,
रेघ दिसते.

चार दिवस गेले.
पट्टे नवे. रोलर स्पिरिटनं पुसला,
बोळा पांढरा निघेपर्यंत.
मोटारीच्या मागच्या भोकातून
बारीक पेचकसानं वेग उतरवला.
शेवटी हेड.
रेघ मिटली. दोन्ही काटे
एकदमच उठले, एकदमच बसले.

हसुरामनं खिशातून कॅसेट काढली.
'हलद. चांगुणा धवलारीण. १९८७', निळ्या शाईत.
लावली, तर बाई गोधडीखालून गात होती.
'पयले असा नव्हता,' तो म्हणाला. 'तू बिघडवलास.'

मला रागच आला.
यंत्र बरोबर आहे, म्हटलं, ही रेघ बघ.
तो रेघेकडे बघत नव्हता.

पुसायचा बोळा हातातच राहिला, तेव्हा कळलं.
चांगुणा गायली त्या दिवशी
हेड कललेलंच होतं.
डेकनं तिरकं ऐकलं, तिरकंच लिहून घेतलं,
आणि इतकी वर्षं तिरकंच वाचलं,
म्हणून कुणाला चूक सापडली नाही.
आज मी त्याला सरळ केला
आणि त्याला स्वतःचंच अक्षर लागेना.

पडदा बंद केला.
पेचकस डावीकडे, केसभर.
अजून केसभर.
आधी बांगड्या आल्या.
मग उखळात हळकुंड फुटल्याचा कोरडा आवाज.
मग 'स' आला, 'श' आला,
चांगुणेला एकेक करून दात आले.
पाव वळशावर ती माझ्या स्टुलाशी येऊन बसली
आणि तिच्या मागून एक पोरगा खेकसला,
'लाल दिवा लागलाय काय रं?'

'यो मी,' हसुराम म्हणाला,
आणि मग बराच वेळ काही नाही.

स्क्रूवर नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले.
पांढरा, जिथं रेघ मिटते.
जांभळा, जिथं चांगुणा.
सांगितलं, बाजारातल्या कॅसेटी आता यावर मंद लागतील.
'दुसरी कॅसेट हाय कुठं?'

तो पैसे देऊन गेला, आणि वर्तमानपत्रात बांधून जवळा.
वहीतल्या 'हेड' या रकान्यात
सवयीनं 'सरळ' लिहिलं,
खोडलं,
आणि काय लिहावं ते सुचेना.

सरोजिनीला फोन करावासा वाटला.
डायरीत तिचा नंबर आहे,
सात आकडी.