तीच वाटी

वॉसामधला जानेवारी. ऊन पडतं, ऊब नाही.
माझ्या गुडघ्यांवर जांभळी जाळी उमटते.
आई म्हणायची, हे आपलंच भरतकाम,
उलट्या बाजूनं दिसतंय.
मी हसले होते. तेव्हा डाव्या पोटरीत
एक गाठ वर सरकायच्या बेतात होती,
आम्हा दोघींना पत्ता नव्हता.

त्याआधी तीन गेले.
दहाव्या आठवड्यात, तेराव्या आठवड्यात,
आणि बाविसाव्यात तो, ज्याला नखं आली होती.
काकू म्हणाली, जीव वाटेत चुकला असेल,
मेकाँगच्या पलीकडेच राहिला असेल.
दार उघडं ठेवून त्याला हाका मारल्या,
मनगटाला पांढरे दोरे बांधले.

आमच्यात वारेला बाळाचा पहिला अंगरखा म्हणतात.
माझ्या पोटात तो शिवतानाच
दोरा गाठींनी आवळत गेला.
हे मला डॉक्टर लिंडक्विस्टनी सांगितलं नाही.
त्या म्हणाल्या, बारीक वाटा बुजल्या,
घरचंच कुत्रं घरच्यांवर भुंकतंय असं समजा,
आणि बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या,
एकदा सापडलं त्यावर आम्ही विसंबत नाही.

बारा आठवडे.
पुन्हा तेच सापडलं.

मग ती गोळी, पिकल्या पीचच्या रंगाची.
तिची कूळकथा याच राज्यातली:
बुरसटलेलं गवत खाल्लेल्या गाई
शिंग कापलं तरी रक्त थांबेना म्हणून मेल्या.
त्या गवतातलं विष कुणीतरी शोधलं,
उंदरांना घातलं, मग आम्हाला.
बाबांनी जिनसेंगच्या शेतात पाठ वाकवून
रक्ताचं पाणी केलं.
माझं ती करते, रोज रात्री आठ वाजता.
(बाबांचा जिनसेंगचा चहा मात्र मला बंद.)

आकडा दोन आणि तीनच्या मधे हवा.
एक पूर्णांक चार: पोटरी चाचपत झोपायचं.
चार पूर्णांक आठ: बेसिनमधली थुंकी गुलाबी.
नर्स फोनवर विचारते, काय खाल्लंत, पा न्या?
मोहरीची भाजी. नवं वर्ष होतं. आईची बाग.
ती म्हणते, हिरवं सोडू नका.
फक्त रोज तेवढंच खा.

मी हे आईला आमच्या भाषेत सांगितलं.
जिनं जन्मात मीठ मोजलं नाही
तिनं फळीवरून निळ्या काठाची वाटी काढली,
भाजी भरली, बोटानं दाबली,
थोडी काढली,
आणि म्हणाली, एवढी.

त्या दिवसापासून सुरीला मी भिते,
बर्फावर पाय जपून टाकते,
दोऱ्यांशेजारी स्टीलचं कडं घालते,
त्यावर कोरलंय मला काय झालंय ते,
मी बेशुद्ध असेन तेव्हासाठी.

आता चौथं.
दोन रेघा दिसल्या त्याच दिवशी गोळी थांबली,
कारण ती बाळापर्यंत पोचते.
तिच्या जागी सुई, सकाळ-संध्याकाळ,
आणि एक छोटी ॲस्पिरिन.
तौ पोटाची चिमूट धरतो, मी टोचते,
उद्या दुसरी बाजू.
पोट निळं, पिवळं, हिरवं,
कुणी न मागता भरतकाम चालू आहे.

आज एकविसावा आठवडा संपतो.
पाळणा अजून खोक्यात. कुणी बोलत नाही.

सुईला भाजीचं काही सोयरसुतक नाही,
नर्सनं स्पष्ट सांगितलंय, आता हवी तेवढी खा.
आईला मीही सांगितलं.
ती मान हलवते, ऐकते सगळं,
आणि तीच वाटी काठापर्यंत भरते,
वर आलेलं पान
बोटानं आत दाबते.