हाव

म्युन्स्टर म्हणता येत नाही वनमालाला.
ती म्हणते, मिनिस्टर.
इंदोऱ्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे,
टेंभुर्ण्यांचं पोट्टं मिनिस्टरले गेलं.
कुणी हसत नाही.

मी धरमपेठेत, गॅलरीत,
फोन चार्जरला बांधलेला, पाय मोड्यावर.
तिकडे रात्रीचे नऊ, इकडे दीड.
तीस वर्षं संध्याकाळचे जर्मनचे वर्ग घेतले,
डेर, डी, दास घोकून घेतलं,
स्टेशनचा रस्ता विचारायला शिकवलं,
बिअर नको, साधं पाणी द्या, हेही.
रक्ताचा धडाच नव्हता पुस्तकात.

अनोम बारा वर्षांचा.
त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात
आणि सांध्यासांध्यात अडकून बसतात.
डॉक्टर विचारतात, एक ते दहा, किती दुखतं?
बाप अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर,
म्हणून वनमाला म्हणते,
"हाडाले पाना लावून आवळून राह्यलं कोणी, असं सांगा."
मी सांगते: आठ.
दरवेळी वाटतं, पाना माझ्याच पदराखाली राहिला.

पहिल्याच आठवड्यात भानगड झाली.
नर्स सुई घेऊन उभी राहायची,
भुवया उंचावून विचारायची, टोचू?
वनमाला म्हणायची, हाव.
नर्स जागच्या जागी थबकायची.
त्यांच्या भाषेत हाव म्हणजे मार, हाण.
पुण्याच्या माझ्या जावेला विचाराल तर लोभ.
आमच्याकडे हो.
नुसतं हो.
शेवटी ऊटेनेच फोन लावला मला:
ही बाई रोज मला मारायला का सांगते?
त्या रात्री तिघी इतक्या हसलो
की खालच्या मजल्यावरचे ढोमणे काका दिवा लावून बघून गेले.

मग तो फॉर्म. सव्वीस पानं.
चौदाव्या पानावर मी अडले.
कोशात शब्द आहे, यादृच्छिक.
तो मी तिच्यासमोर काढलाच नाही.
म्हटलं, भिशी असते ना, तशी चिठ्ठी.
अर्ध्या मुलांना औषध,
अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी.
चिठ्ठी संगणक काढतो,
डॉक्टरांनासुद्धा उघडून बघता येत नाही.

बराच वेळ नुसती खरखर.
"भिशीत तं सगळ्याइचा नंबर लागते, बाई."

खाली चौकीदार काठी आपटत गेला.
यात नाही लागत, मी म्हटलं.

"तुमी त्यायची भाषा बोलता.
तुमाले तं माहीत असंल, आपली गोळी कोणती."

हे वाक्य मी पलीकडे नेलं नाही.
ऊटे पेन उघडून थांबली होती.
काय म्हणाली, तिने विचारलं.
विचार करतेय, मी सांगितलं.
तसं ते खोटं नव्हतं.

सही तिने मराठीत केली.
स्वतःचं नाव, नवऱ्याचं, मग आडनाव.
चौकट अपुरी पडली,
टेंभुर्णे बाहेर आलं.

जाताना मला सांगून गेली होती,
बारा तारखेला माझे हजार भरून द्याल.
मी गेले. टिनाखाली सतरंजी, कपात अर्धा चहा,
पितळेच्या डब्यात चिठ्ठ्या खळखळ हलवल्या.
नाव निघालं शेवंता रामटेकेचं.
तिला कूलर घ्यायचा होता.

पोट्टं कसं हाये, बायांनी विचारलं.
आठावरून पाचावर आलंय, मी म्हटलं.
साऱ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.
पाना थोडा सैल झालाय, म्हटलं.
तेव्हा कुठे माना हलल्या.
गोळीनं काय? एकीने विचारलं.
नाही माहीत. कुणालाच नाही.

रात्री दीडला फोन.
मी सांगितलं, शेवंताची चिठ्ठी निघाली.
मागे अनोम कशावरून तरी ऊटेशी भांडत होता,
अर्धं जर्मनमध्ये, अर्धं आमच्यात.
"हाव," वनमाला म्हणाली.
"असू द्या. माझा नंबर बाकी हाये अजून."