तीन, चार, दोन, तीन, तीन

पथारीवर मिरची वाळत असते तेव्हा
नंदुरबारची रात्र आधी नाकाला लागते,
मग कानाला.
मी इथला राखणदार, लोटन हिलाल माळी.
खोपीच्या पत्र्यापासून वजनकाट्याच्या खांबापर्यंत
जळक्या मोटारीची तांब्याची तार ताणली आहे.
खाली बिघाभर लाल,
वर तार, आणि तिच्यावर उतरणारे
न पाहिलेले देश.

थ्री फेज आली की विहिरींवरचे पंप गुरगुरतात,
सगळा पट्टा भुंग्यांनी भरतो.
म्हणून वीज जाते तेव्हा गाव शिव्या देतं
आणि मी घोंगडीतून हात बाहेर काढतो.
एकतीस मीटर. काटा केसभर डावीकडे.
अजून अर्धा केस.
तापल्या तेलात पाणी पडावं तशी चरचर,
तिच्या तळाशी एक बाई बोलत असते.

जतनबाई शेकोटीपाशी विचारते,
"काय सांगी ऱ्हायनी ती?"
माहीत नाही.
"मंग तुले काय समजस?"
समजतं की तिला सर्दी झाली आहे.
समजतं की ती कागदावरून वाचते, पान उलटते,
आणि बातम्या संपल्या की तिचा आवाज
जोडे काढल्यासारखा होतो.

वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर मी लिहितो :
ताकद तीन.
शेजारच्या स्टेशनचा त्रास चार, म्हणजे थोडाच.
खरखर दोन. चढउतार तीन. एकूण तीन.
इतकं नेमकं
मी घरी कधी काही सांगितलेलं नाही.

शेवटी दोन ओळी ती इंग्रजीत बोलायची, पत्ता.
त्यासाठी सतरा रात्री जागलो.
पोस्ट बॉक्सचा शेवटचा आकडा
दर वेळी बुडायचा.

रिपोर्ट गेला. तायडे पोस्टमास्तरांनी पाकीट तोललं,
शिक्का मारला आणि शिंकले.
पाच महिन्यांनी कार्ड आलं :
बर्फातला मनोरा, गोल शिक्का,
आपला अहवाल बरोबर आहे.
खाली निळ्या शाईत, हाताने :
तुमचं पाकीट उघडलं आणि
आमचं सगळं ऑफिस शिंकत सुटलं. यात काय होतं?

जतनबाईला वाचून दाखवलं.
हसता हसता तिने सूप खाली ठेवलं.
"आते तेस्ले समजनं," म्हणाली.

मी उत्तर लिहिलं, चिमूटभर बियाही टाकल्या.
मग पुढच्या मोसमात, पत्रोत्तराच्या वेळी,
ती बाई दोनदा अडखळली
आणि एका शब्दाचं शेपूट तेवढं आलं :
...बार.
आवाज खाली गेला. वर येईपर्यंत
बाजा वाजत होता.

नोंद केली आहे.
नंदुरबार, पुढे प्रश्नचिन्ह.
पावती उलटली तर
दुसऱ्या बाजूला छापलेलं आहे :
माल काट्यावरून उतरल्यावर
तक्रार चालणार नाही.