पाठ

आमच्या मिरजेच्या इस्पितळात
स्पिरिट आणि पावडरचा वास
माझ्या आधीपासून नोकरीला आहे.
एक्क्याण्णवला सालोमी सिस्टरनी
माझा तळहात उलटासुलटा बघितला, म्हणाल्या, चालेल.
मग रबरी बाहुलीच्या पाठीवर शिकवलं:
माकडहाडापासून बाहेर, गोल गोल,
लाली दिसली की जरा जास्त.

लाली दिसली की जरा जास्त.
तेहतीस वर्षं हे मी पाठ म्हटलं,
अकरा तुकड्यांकडून म्हणून घेतलं.

आता मी मेट्रन. किल्ल्या, ड्यूटी लिस्ट,
गाद्यांच्या मागणीला तिसरं स्मरणपत्र,
आणि टेबलासमोर उभी अश्विनी हेरवाडे,
नोकरीला दोन वर्षं, हातात झेरॉक्सचा गठ्ठा, पिन तिरकी.
"मॅडम, लाल भागावर चोळायचं नाही म्हणतात.
आत आधीच दबलेलं असतं, चोळून आणखी तुटतं."

कोण म्हणतात?

"बऱ्याच ठिकाणी बघितलंय, मॅडम. मोजून."

मग सगळ्या मेट्रन म्हणतात ते मीही म्हटलं.
तिकडं एकीला चार पेशंट, इथं बत्तीस.
आधी माणसं द्या, मग कागद द्या.
आमच्या हाताखालून बरे होऊन गेले
त्यांची झेरॉक्स कुठं मिळते?
ती वाद घालत बसली नाही.
गठ्ठा पेपरवेटखाली सरकवला आणि इंजेक्शनं द्यायला गेली.

रात्री वाचलं. आकड्यांचे रकाने आधी सोडून,
मग तेही, बोट ठेवून.
दोन कागदांत चक्क लिहिलं होतं, अजून नीट कळलेलं नाही.
तिथंच माझा विश्वास बसला.
आम्हाला शिकवताना कुणी असं कबूल केलं नव्हतं.

झोप मात्र आली नाही.
अठ्ठ्याण्णव साल, खाट नंबर नऊ,
बेडगच्या गोदाक्का, कमरेखाली जाणीव नाही.
लाली वाढली तसं मी जास्त चोळलं,
ड्यूटी संपल्यावर थांबून चोळलं.
त्या म्हणायच्या, पोरी, तुझा हात लई गुणाचा.
जखम हाडापर्यंत गेली.
मला वाटलं, मी कमी पडले.

कमी नाही.

हा रकाना कुठल्याच कागदात नव्हता.

सकाळी राउंडला दस्तगीरचाचा, उजवी बाजू गेलेली.
साठ वर्षं तंबोरे केले त्यांनी.
विचारलं, चाचा, जवारी उस्तादांनी शिकवली तशीच काढता?
अर्ध्या तोंडानं हसले.
"घासायचं. छेडायचं. ऐकायचं. परत घासायचं.
उस्ताद काय बोलले ते तारेला कुठं ठाऊक?"

त्यांना कुशीवर घेतलं. माकडहाडावर बोट दाबून सोडलं.
पांढरं झालं नाही. लालच.
माझा तळहात आपोआप गोल फिरायला निघाला.
ऑक्सिजनचा भरला सिलिंडर मी एकटीनं हलवलाय,
हा हात उचलायला त्याहून जोर लागला.
डावी कूस, मध्ये उशी, पाटीवर वेळ.
चाचांची बायको म्हणाली, सिस्टर, आज पाठ नाही चोळणार?
नाही म्हटलं,
आणि कारण सांगायला स्टुलावर बसले.

मीटिंगमध्ये सर्जिकलच्या अलका सिस्टर उठल्या.
"म्हणजे आजवर आम्ही केलं काय?"
उत्तर तोंडाशी आलं होतं, नऊ नंबरचं. गिळलं.
म्हटलं, दर दोन तासांनी कूस बदला, सही करा.
तिसऱ्या रात्री जाऊन बघितलं तर
दोनची, चारची, सहाची सही
एकाच पेनानं, एकाच दमात. वाजले होते साडेतीन.
ओरडले नाही. चारची कूस मी बदलली.

महिनाअखेर मोजलं. आधी सात जखमा, आता पाच.
पेढा द्यावा तसा आकडा अश्विनीपुढं धरला.
"दोनाच्या फरकावर काही म्हणता येत नाही, मॅडम.
अजून तीन महिने मोजू."

राग आला. खरंच आला.

मग नवी वही काढली, पट्टी शोधली,
उभ्या रेघा आखल्या.
पहिल्या रकान्यात खाट नंबर.
नऊपासून सुरुवात केली.