शुद्धिपत्र

सुनावणीत साहेबांनी पुस्तक उघडलं, पान एकेचाळीस,
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:
"नदीच्या पात्रात एक भेट आहे.
भेटावर भाभळी दाट असून भगळे वस्तीस येतात."
चष्मा काढला. "बेट कुठंय यात?"
नकाशात नव्हतंच. नकाशात तिथं निळा रंग
आणि निळ्यावरून नव्या रस्त्याची तुटक रेघ.

वडील शेवटच्या खुर्चीत, मांडीवर कापडी पिशवी.
खळदकरांचा छापखाना: लग्नपत्रिकांवर पोट,
गावांच्या इतिहासांवर उधारी.
मुंढवा, खराडी, लोहगाव,
कुठली वेस, कुठला मारुती,
कुणाच्या विहिरीवरून कुणाशी अबोला.
प्रत्येकी तीनशे प्रती, त्यातल्या दोनशे
अजून आमच्या माळ्यावर.

पानशेतचं पाणी नारायण पेठेत शिरलं
तेव्हा आजोबांनी हस्तलिखितं छातीशी धरली.
खिळ्यांची एक केस मात्र तरंगत गेली खालच्या अंगाला.
चिखल धुऊन मोजले, तर ब उरले होते एकवीस.
आणि पुढच्याच महिन्यात
मास्तर बेटाचा इतिहास घेऊन दारात.
बेटाच्या इतिहासाला ब किती लागतात!
नवे खिळे ओतायला पैसे नव्हते.
येसूकाका जुळारी म्हणाले, "भ भरपूर आहेत.
वाचणारा समजून घेईल."

मास्तर समजून घेईनात.
म्हणून मग एकवीस ब मध्ये बसेल एवढं शुद्धिपत्र,
बोटभर रुंदीचं, खळीनं डकवलेलं.
कसरीला खळ आवडते.
चिठ्ठ्या गळत गेल्या, माळ्यावर, रद्दीत,
भेट तेवढी राहिली.

वडिलांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली.
साहेबांनी ती उजेडाकडे धरली,
शिक्का शोधला. नव्हता.
"बरं, क्षेत्रफळ किती?"
गेनबा भोई उभा राहिला: "कधीचं सांगू,
चैत्रातलं का श्रावणातलं?"
कुणीतरी हसलं. पुढची तारीख पडली.
मग आणखी एक.
रस्ता कसा वळला ते मला नीट माहीत नाही,
कुणी म्हणतं निधी संपला.

पण पाटी लागली.
आम्ही गेनबाच्या होडीतून बघायला गेलो,
बंडगार्डनच्या खाली, जलपर्णी बाजूला सारत,
नाकाला पदर लावून.
शेकाटे लांब पाय मोजत उथळात,
बाभळीवर पाणकावळे पंख वाळत घालून.
गेनबानं जाळ्याचा काठ दाखवला,
त्याला शिशाचे तुकडे ओवलेले:
"बापाला गाळात सापडलेले. तुमचेच असतील."
वडिलांनी खिशातलं भिंग काढलं, एकेक उलटा वाचला.
ब नव्हता. होता तो ढ.
"जमलं की," गेनबा म्हणाला, "ढोकरीचा ढ."

पाटी हिरवी, अक्षरं पांढरी:
पक्षांसाठी राखीव.
वडील बराच वेळ बघत राहिले.
"कुठल्या पक्षांसाठी?" त्यांनी मला विचारलं,
मी काय सांगणार.

पुढच्या रविवारी ते पुन्हा निघाले,
पांढऱ्या रंगाचा डबा, दोन नंबरचा ब्रश.
क्ष आणि काना यांच्यात जागा नव्हती.
गुडघाभर चिखलात उभं राहून,
जीभ किंचित बाहेर,
ओळीत मावत नसलेल्या शब्दासाठी
आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं,
थोडं इकडून खाल्लं, थोडं तिकडून,
आणि अर्धवट य तिथं कोंबला.
मागे जाऊन पाहिलं. परत आले. जरा जाड केला.

ढोकऱ्या उडाल्या नाहीत.
येताना म्हणाले, तळाला तारीखही चुकलीय,
पण ती राहू दे.