पांढरा कप

ओस्टेंडहून आलेलं चित्र. रुंदी दीड हात.
फिर्मिन केस्टलेन, सन चोपन्न.
तीन आठवडे झाले, मी त्याच्यावरचा धूर काढतेय,
काडीला कापूस, कापसाला माझीच थुंकी.
हसू नका. थुंकीइतकं सौम्य काही
गेंटमधल्या कुठल्याच बाटलीत अजून मिळालेलं नाही.

चित्रात एक खोली. खोलीत कमरेपर्यंत समुद्र.
खुंट्यांवर कोटांच्या जागी चपटे मासे,
दोन्ही डोळे एकाच गालावर, आपल्याकडे रोखलेले.
टेबलाशी एक बाई. तिला सावली नाही.
सावली समोरच्या खुर्चीत बसलीय,
हात मांडीवर, पाहुणीसारखी.
पाण्याखाली दिवा जळतोय.
टेबलावर पांढरा कप.

संग्रहालयाच्या फाइलीत
माशांवर अकरा पानं आहेत, सावलीवर चाळीस.
समुद्र म्हणजे झोप, दिवा म्हणजे जागं मन,
मासे म्हणजे... इथे दोन विद्वानांचं भांडण आहे,
समासात, पेन्सिलीनं, बरंच जुनं.
अर्थ लावतात माणसं.
दार लावतात तसा. आतून. वारा येऊ नये म्हणून.

मंगळवारी त्याची पुतणी आली, आल्बर्टा,
सत्त्याऐंशीची, दोन गाड्या बदलून,
पिशवीत घरातल्या सपाता घेऊन,
तुमची फरशी खराब नको, म्हणाली.
चष्मा पुसला. वाकली.
अरे, हे तर आमचं स्वयंपाकघर.

त्रेपन्नचा फेब्रुवारी, पहिली रात्र,
बांध ओलांडून आला तो. दार वाजवलं नाही.
मासे बाबांनी टांगलेले, मांजराच्या भीतीनं.
कोट कसे असतील खुंटीवर?
सगळे आमच्या अंगावर होते, एकावर एक.
आणि ही सावली नाही गं पोरी,
हे आईचं काळं लोकरी जाकीट, वाळत घातलेलं.
आठ दिवस वाळलं नाही. बसूनच राहिलं.

आणि दिवा? मी विचारलं.
पाण्याखाली दिवा कसा जळेल?

ती माझ्याकडे बघत राहिली,
मीठ खारट असतं का, असं मी विचारल्यासारखी.
जळत होता, म्हणाली.

मग तिचं बोट सरकत कपाशी आलं,
रंगापासून नखभर अलीकडे थांबलं.
हे मात्र खोटं.
असला कप नव्हता आमच्याकडे.
त्या घरात इतकं पांढरं काहीच नव्हतं.
हा काकानं मनानं काढलाय.

फाइलीत कपावर एक ओळ नाही.

मी तिला सांगितलं नाही
की कॅमेऱ्यानं आम्ही रंगाच्या खाली पाहून आलोय,
आणि कपाच्या पोटात, तीन थरांखाली,
एक बूट आहे. चिमणा. नाडी सुटलेली.

खाली काही असतं का गं अशा चित्रांच्या?
पिशवी उचलता उचलता तिनं विचारलं, सहज.
नाही, मी म्हणाले. नुसतं कापड.
बरं, ती म्हणाली.
दारापर्यंत गेली. परत आली.
सपाता राहिल्या होत्या पायातच.
बदलताना भिंतीला हात टेकला तिनं,
आणि पंजा बराच वेळ तिथेच ठेवला,
कमरेच्या उंचीवर,
जणू तिथवरची भिंत ओली आहे.

आता अहवाल लिहायचाय मला.
कप, पांढरा, सुस्थितीत, हस्तक्षेपाची गरज नाही.
बाहेर लेई नदीवर चार वाजताच अंधार.
चहाला पाणी ठेवलं आणि बंद केलं.
कपाटातले सगळे कप उतरवून पालथे घातले,
का ते विचारू नका, अर्थ लागत नाही.
लावलेलाही नाही मी. दार उघडंच आहे.
वारा येतोय गार, थोडा खारट,
आणि समुद्र इथून साठ किलोमीटर लांब आहे.